एका 'कामून'साठी चिटगुप्प्याला

बिदरला जाणारी माणसं किल्ला बघायला जातात. मी गेलो ते एका बाईनं डिवचलं म्हणून, आणि किल्ला शेवटपर्यंत बघितलाच नाही.

आधी थोडं घरचं सांगतो. आम्ही चार जण मिळून 'लेखनचाळणी' नावाचा एक प्रोग्राम चालवतो. संगणकावर मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढायची आणि बरोबर शब्द सुचवायचा, हवं तर आपणच बदलायचा, एवढंच त्याचं काम. तो फुकट आहे, आतून सगळ्यांसाठी खुला आहे, आणि कुणीही यावं, शब्द घालावेत, चुका दुरुस्त कराव्यात अशी आमची जाहीर इच्छा आहे. पगार कुणालाच नाही. चौघांपैकी एकाला बाळ झालं, एकाला डोंगर चढायचा नाद लागला, आणि उरलो मी पुण्यात आणि मुकुंद म्युनिकमध्ये. दर महिन्याला फोनवर भेटून आम्ही दोघं एकच रडगाणं गायचो : नवी माणसं येत नाहीत. मी म्हणायचो, हल्ली कुणाला फुकट काम नको. मुकुंद म्हणायचा, मराठी माणसाला मराठीचं काही पडलेलं नाही. म्युनिकमध्ये बसून म्हणायचा.

खरं तर एक माणूस आला होता. शकुंतला नावाच्या कुणी बाईंनी बिदरजवळच्या चिटगुप्प्याहून दोनशेच्या वर शब्द पाठवले होते. पण ते साध्या टाइप केलेल्या पानावर होते, आम्हाला लागतात तशा रकान्यांत नव्हते. मुकुंदनं त्यांना इंग्रजीत तीन प्रश्न विचारले. उत्तर आलं नाही. आमच्याकडे एक आपोआप चालणारा पहारेकरी आहे. महिनाभर उत्तर नाही आलं की तो शब्दांचा अर्ज मिटवून टाकतो. त्यानं मिटवला. पुन्हा पाठवले, पुन्हा मिटवला. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्या मिटलेल्या अर्जाखाली हे उमटलं :

"कामून बंद केलाव? दारावर 'या या' लिहून ठिवलाव आन् आतून कडी लावून बसलाव. एकदा चिटगुप्प्याला या. माझ्या कॉम्प्युटरवर, तुमचीच वही वाचून, एक शब्द घालून दाखवा. घातलाव तर मी माफी मागते."

'वही' म्हणजे नवागतांसाठीची मार्गदर्शिका. ती मी लिहिली होती. अकरा पानांची, अनुक्रमणिकेसह, आणि तिचा मला इतका अभिमान होता की एका नातेवाइकाच्या साखरपुड्यात मी ती मोबाइलवर दोघांना दाखवली होती. मी ताबडतोब कळवलं, येतो. अर्ध्या तासाचं काम, मग किल्ला, असा हिशेब.

नौबाद

बिदर शहरात नौबादला एका ओळखीच्यांकडे खोली मिळाली होती. सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. तिथं पोहे नाहीत, सुसला असतो : चुरमुरे भिजवून पिळून फोडणीला टाकलेले, वर डाळ्याचं पीठ, शेजारी बोटाएवढी मिरची भजी. पुण्यात चुरमुरा भिजला की आपण तो टाकून देतो. इथं भिजवल्याशिवाय त्याला कुणी विचारत नाही. मी दोन बशा खाल्ल्या. मालक एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, दुसऱ्याशी दख्खनीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होता, आणि मध्ये श्वासही घेत नव्हता.

बाहेर रिक्षावाल्याला मी विचारलं, "चिटगुप्प्याला जाण्यासाठी बसस्थानकावर कोणत्या बाजूने प्रवेश करावा लागेल?"

तो म्हणाला, "मराठीत बोला की साहेब. मराठी येते मला."

स्थानकावर गाड्यांच्या पाट्या कन्नडमध्ये होत्या. सुंदर गोलगोल अक्षरं. मला त्यातलं एकही येत नव्हतं. आजूबाजूला पन्नास माणसं उभी होती, कुणालाही विचारता आलं असतं. पण सगळे इतक्या खात्रीनं गाड्यांत चढत होते की विचारायची लाज वाटली. शेवटी ज्या गाडीत जास्त लोक चढले तिच्यात मी चढलो. कंडक्टर बाई आल्या तेव्हा गाव मागे पडलं होतं.

"चिटगुप्पा," मी म्हणालो.

"ही भालकीची हाय."

"पाटी कन्नडमध्ये होती हो."

"मग इचारायचं की."

"वाटलं, लोक काय म्हणतील."

"काय म्हणतेत? चिटगुप्प्याची तिकडं हाय म्हणतेत." त्यांनी घंटी वाजवली, गाडी थांबली, आणि लाल मातीच्या एका फाट्यावर मी उतरलो. उलट्या दिशेची गाडी मिळेपर्यंत एक म्हातारे गृहस्थ मला सोबतीला होते. त्यांना मी सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून ते हसले, आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक गाडीतल्या प्रवाशांना त्यांनी ती कन्नडमध्ये सांगितली. हसू आलं की कळायचं, माझा प्रसंग कुठपर्यंत आलाय ते.

चिटगुप्पा, पहिला दिवस

शकुंतलाअक्काचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. अर्ज, करारपत्रं, लग्नपत्रिका टाइप करून देतात. एक संगणक, एक छपाईयंत्र, भिंतीवर पत्रिकांचे नमुने. आत खुर्चीवर त्यांचे वडील घोंगडं पांघरून बसले होते. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. आयुष्यभर मेंढरं राखली, आता लेकीच्या दुकानात बसून रस्ता राखतात. अक्का पंचेचाळिशीच्या, चष्मा कपाळावर, आवाज बाजारभर पोचेल असा.

"सकाळी येतो म्हणलाव की. दुपार झाली."

मी भालकीचं सांगितलं. अक्कांनी हसू दाबलं आणि चहा मागवला. चहाबरोबर माझी मार्गदर्शिका आली : छापलेली, टाचलेली, आणि प्रत्येक पानावर लाल शाईनं भरलेली. मी म्हटलं, आधी तुम्हाला या भानगडीत पडावंसं का वाटलं ते सांगा.

अक्कांनी कपाटातून एक पत्रिका काढली. नवरीच्या आईचं नाव नागम्मा. आमच्या चाळणीला ते नाव ठाऊक नव्हतं. तिनं लाल रेघ ओढली, स्वतःहून दुरुस्तीही केली, आणि घाईत तीनशे पत्रिका छापून गावात वाटल्या गेल्या : 'आपले नम्र, सौ. नागमोडी व परिवार.'

"बाई अजून माझ्याशी बोलत न्हाई," अक्का म्हणाल्या. "आन् आमच्या गावाचं नाव लिव्हलं की तुमची चाळणी सांगते, 'चिवट गप्पा.' रोज."

हसणं मुश्किलीनं आवरून मी संगणकासमोर बसलो. पहिली पायरी : आवश्यक ती साधनं बसवून घ्या. साधनं नऊ होती. माझ्या पुण्यातल्या यंत्रावर ती सहा वर्षांपूर्वी बसवलेली, त्यामुळं ती बसवावी लागतात हे मी विसरलोच होतो. अक्कांच्या मोबाइलवरून नेट घेतलं. तिसरं साधन उतरत असताना वीज गेली. वीज आली, पहिल्यापासून सुरू. पाचवं साधन म्हणालं, तुमचा संगणक फार जुना आहे. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी माझ्याच वहीचं पान दोन पुढं केलं. तिथं मी लिहिलं होतं : 'कोणत्याही संगणकावर चालेल.'

मधून गिऱ्हाइकं येत होती. अक्का त्यांना सांगायच्या, "थांबा जरा, पुण्याचे साहेब एक शब्द घालायलेत." लोक थांबत. दोघं जण तर काम नसताना थांबले.

चौथ्या पायरीवर मी मोठ्यानं वाचलं, "यानंतर नेहमीप्रमाणे आपली शाखा तयार करून..."

"कुणाच्या नेहमीप्रमाणं?" अक्कांनी विचारलं.

सहाव्या पायरीत एक दुवा होता, 'अधिक माहितीसाठी इथे बघा.' तिथं गेलो तर गाद्यांची जाहिरात उघडली. जमलेल्यांपैकी एकानं गादी चांगली असल्याचं मत दिलं.

मग मी एक लबाडी केली. माझ्याकडे चाळणीची किल्ली आहे, म्हणजे माझ्या नावानं आत गेलं की कुठलीही तपासणी न होता शब्द थेट घालता येतो. हळूच माझं नाव टाइप करायला घेतलं. अक्कांचा हात कीबोर्डवर आला.

"हे वहीत कुठल्या पानावर हाय?"

"नाही, पण..."

"मग नवीन नाव घ्या. माझ्यासारखं."

नवीन नाव घेतलं : नवखा. दुकान बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मी सातव्या पायरीवर होतो. रात्री त्यांच्याच घरी ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि अंबाडीची भाजी मिळाली. तिला तिथं पुंडी म्हणतात आणि तुरीच्या डाळीत घोटून करतात. मी तिखटानं नाक पुसत असताना अक्कांनी सहज विचारलं, किल्ला कधी बघायलाव?

चिटगुप्पा, दुसरा दिवस

दुपारी शब्द गेला. एकच : 'कामून', म्हणजे का, कशासाठी. दुकानात टाळ्या वाजल्या. अप्पांनीही वाजवल्या. मी माफीची वाट बघत अक्कांकडे वळलो, तेवढ्यात यंत्र वाजलं. पहारेकऱ्यानं इंग्रजीत स्वागत केलं होतं आणि खाली चार तांबड्या फुल्या मारल्या होत्या. त्यांतल्या तीन फुल्यांचा अर्थ मला लागला. चौथीचा नाही, आणि तो पहारेकरी मीच बसवला होता.

फुल्या निस्तरल्या. तासाभरात मुकुंदचं उत्तर आलं. 'नवखा' कोण, हे त्याला अर्थातच माहीत नव्हतं.

"हा शब्द प्रमाण नाही. कृपया मार्गदर्शिका नीट वाचावी." खाली माझ्याच मार्गदर्शिकेचा दुवा.

मला आलेला राग आजही आठवला की गंमत वाटते. मुकुंदबरोबर मी बारा वर्षं काम केलंय. त्याच्या लग्नात जेवलोय. त्या क्षणी तो मला जगातला सगळ्यात उद्धट माणूस वाटला. मी लिहिलं, लाखो लोक हा शब्द रोज बोलतात. तो म्हणाला, छापील पुरावा द्या.

"छापील?" अक्का उठल्या. त्यांनी पत्रिकांचा गठ्ठा उपसला आणि एक माझ्यापुढं टाकली. खाली पोराटोरांची ओळ असते ना, ती होती : 'आमच्या काकाच्या लग्नाला कामून न्हाई यायचं? यायचंच!'

फोटो काढून पाठवला. दुकानात आता अकरा माणसं होती. उत्तर आलं, "लग्नपत्रिका हा ग्राह्य पुरावा नाही." आणि अर्ज मिटला.

गिऱ्हाइकं एकेक करून पांगली. मला वाटलं होतं अक्का जिंकल्यासारख्या हसतील. त्या पत्रिका पुन्हा नीट गठ्ठ्यात लावत होत्या.

"असंच व्हतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा वाटतं आपलंच चुकलं. दुसऱ्यांदा बी तसंच वाटतं."

मग आवाज उतरवून म्हणाल्या, "उद्या अप्पाला घेऊन कमलापूरकडं जायलोय, त्यांच्या चुलतभावाच्या मेंढरांकडं. तुमी बी चला. फक्त एक. त्या दोनशे शब्दांतले निम्मे अप्पाचे हायत. वर्षभर रोज सांजच्याला सांगितले त्यांनी, मी लिव्हले. शब्द मशीनमधी गेले, असं मी त्यांना सांगितलंय. गप ऱ्हावा."

कमलापूरच्या अलीकडं

चिटगुप्प्याहून दक्षिणेला निघालं की बिदरची लाल माती हळूहळू काळी होत जाते आणि कलबुर्गी जिल्हा लागतो. दोन्ही बाजूंना कापून झालेली तूर. वाटेत तांबड्या सालीची केळी घेतली, कमलापूरकडची. मी एक सोलताना आतून पण तांबडी असेल म्हणून बघत होतो. अप्पांना ते कळलं आणि उरलेला रस्ता ते मधूनमधून माझ्याकडे बघून हसत राहिले.

मेंढरं एका कापणी झालेल्या रानात बसवली होती, खतासाठी. अप्पांचे चुलतभाऊ, त्यांच्या सूनबाई, दोन कुत्री. अप्पा मेंढरांच्या खांडव्यात शिरले आणि निराळेच झाले. दुकानातल्या खुर्चीवरचा म्हातारा राहिलाच नाही. एकेका मेंढीला हात लावत ते सांगू लागले : कान असा असला तर तिला काय म्हणायचं, पोटाखाली पांढरी असेल तर काय, पहिल्यांदा व्यालेलीला काय, पिल्लाला जवळ न घेणारीला काय. एक शब्द कन्नडकडून आलेला, एक तेलुगूकडून, बाकीचे कुठून आले कुणास ठाऊक. ते शब्द मी इथं लिहीत नाही. बहुतेक आता चाळणीत आहेत, ज्याला हवेत त्यानं तिथं जाऊन बघावेत.

जेवायला बसलो तेव्हा अप्पांनी सरळ मला विचारलं, "आमचे शब्द घातलाव नव्हं मशीनमधी?"

अक्का भाकरी मोडायच्या थांबल्या. मला 'व्हय अप्पा' म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं.

"नाही अप्पा," मी म्हणालो. "अजून नाही. अक्कांनी तीनदा पाठवले. आम्ही तीनदा परत केले. त्यांची चूक नव्हती."

अप्पांनी चटणीचं बोट चाटलं. "ठाऊक हाय."

"कसं?" अक्का म्हणाल्या.

"मला वाचाय येत न्हाई, दिसतंय तर की. तू माझे शब्द लिव्हतीस तवा खाली लाल रेघ येती. आज बी येती. गेले असते तर रेघ कामून आली असती?" मग लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू सांगताना लई खूश दिसायलीस. म्हणून मी बी व्हय म्हणलो."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि शेंगाची चटणी फार तिखट झाल्याचं सांगितलं. चटणी सूनबाईंनी केली होती. त्यांनी काही हरकत घेतली नाही.

मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर होती. मी तिथं चढून मुकुंदला फोन लावला.

"तो नवखा मी होतो," मी म्हणालो.

मग तो म्हणाला, "अरे, मग तुझ्या नावानं का नाही घातलास? लगेच घेतला असता."

बोलून झाल्यावर त्यालाही ते ऐकू आलं असावं. तो पुटपुटला, "पण दर्जा सांभाळायला नको का? उद्या कुणीही काहीही घालेल." तेही खोटं नव्हतं. मागे एकानं सगळ्या शेजाऱ्यांना घालायच्या शिव्या पाठवल्या होत्या, त्याही चुकीच्या ऱ्हस्वदीर्घात.

एवढ्यात अक्का कठड्याशी आल्या आणि हात पुढं केला. मी फोन दिला.

"मुकुंद सर, शकुंतला बोलायलेय. तुमी वाईट माणूस न्हाई. तुमी म्हणताव, माणसं पायजेत. पण तुमाला माणसं नको हायत, आणखी चार मुकुंदच पायजेत. ते चिटगुप्प्यात मिळत न्हाईत." त्यांनी थोडं ऐकून घेतलं. "न्हाई, रागावले न्हाई. तुमी इचारा की. मराठीत इचारा. मी सांगते."

दोघं पाऊण तास बोलले. मी मेंढरांजवळ जाऊन बसलो. एका मेंढीनं माझी उरलेली दोन केळी सालीसकट खाल्ली.

पुण्यात

परत येऊन दोन महिने झाले. मार्गदर्शिका आता एका पानाची आहे आणि ती अक्कांनी लिहिली आहे. माझ्या अकरा पानांपैकी त्यांनी फक्त शेवटचं 'धन्यवाद' ठेवलं. शब्द रकान्यांत बसवायचं काम आता आम्ही करतो, पाठवणाऱ्यानं करायचं नाही. मुकुंद अजून अडतो. मेंढ्यांच्या सहा शब्दांवर त्याचा आणि अक्कांचा वाद चालू आहे, आणि त्यातल्या दोन बाबतींत मला मुकुंदचं म्हणणं पटतं. हे मी चिटगुप्प्याला सांगितलेलं नाही. बाकीचे गेले, 'कामून'सकट. अप्पांनी पडद्याजवळ नाक नेऊन रेघ नाही याची स्वतः खात्री करून घेतली, म्हणे.

चाळणीची तिसरी किल्ली आम्ही अक्कांना दिली. पहिल्याच आठवड्यात औरादहून एका शिक्षकांनी शब्द पाठवले : वहीच्या पानावर हातानं लिहिलेले, मोबाइलनं फोटो काढलेला, तोही आडवा. रकाने नाहीत, साधनं नाहीत, पुरावा नाही. मी उघडून बघेपर्यंत अक्कांनी सगळे टाइप करून आत घेतले होते, आणि खाली लिहिलं होतं : "आले. अजून हायत का?"

मुकुंदचा लगेच फोन आला. तो चिडला नव्हता, अडचणीत होता. "फोटो आडवा आहे," तो म्हणाला. "आपल्याकडे तो सरळ करायची सोयच नाही. तिनं वाचला कसा, ते विचार."

मी अक्कांना विचारलं.

"मान वाकडी करून," अक्का म्हणाल्या.